व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध आणि पॉवर काढताना

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि दोघांना गुणलं की पॉवर मिळते. हिशेब एवढाच. तरीही उत्तरं चुकतात, कारण भागाकाराआधीच घोळ झालेला असतो. व्होल्टेज सप्लायच्या टोकाला मोजलेलं असतं आणि हवं असतं ते रेझिस्टरच्या टोकाचं. करंट चालू स्थितीतला असतो आणि रोध ताडून पाहिला जातो बंद स्थितीत. म्हणून इथे सूत्रं पटकन उरकली आहेत आणि आकडे कुठून, कधी, कोणत्या रेंजवर घ्यायचे यावर जास्त वेळ घालवला आहे.

सूत्रं

रोध (ओहम) = व्होल्टेज (व्होल्ट) ÷ करंट (अँपिअर)
पॉवर (वॅट) = व्होल्टेज × करंट

पहिलं नातं जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलं. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडलं. दोन्ही एकत्र केली की आणखी दोन रूपं मिळतात:

पॉवर = करंट × करंट × रोध
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

ही दोन रूपं शेजारी ठेवली की नेहमीचा प्रश्न येतो: रोध वाढला तर पॉवर वाढते की कमी होते? पहिल्यात वाढताना दिसते, दुसऱ्यात कमी होताना. परिस्थितीत स्थिर काय आहे ते आधी ठरवा, मग गोंधळ राहत नाही. एकसर जोडणीत सगळ्या भागांतून एकच करंट जातो, तिथे ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. समांतर जोडणीत सगळ्यांवर एकच व्होल्टेज असतं, तिथे ज्याचा रोध कमी तो जास्त वॅट खातो.

तंतूचे दोन बल्ब घ्या, २३० व्होल्टचे, एक १०० वॅटचा आणि एक २५ वॅटचा. पूर्ण व्होल्टेजवर त्यांचे रोध ५२९ आणि २११६ ओहम. समांतर लावले तर अर्थातच १०० वॅटचा जास्त उजेड देतो. एकसर लावले तर एकूण रोध २६४५ ओहम, करंट ०.०८७ अँपिअर. आता २५ वॅटच्या बल्बला १६ वॅट मिळतात आणि १०० वॅटच्याला फक्त ४. लहान बल्ब पेटतो आणि मोठा काळाच राहतो. (प्रत्यक्षात मोठ्याच्या वाट्याला ४ वॅटही येत नाहीत, कारण त्याचा तंतू थंड राहतो आणि थंड तंतूचा रोध फार कमी असतो. त्याबद्दल पुढे.)

मिलि आणि किलोचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात करंट क्वचितच पूर्ण अँपिअरमध्ये असतो. दर वेळी हजारने भागत बसण्यापेक्षा या जोड्या लक्षात ठेवा:

व्होल्ट ÷ मिलिअँपिअर = किलोओहम
व्होल्ट ÷ किलोओहम = मिलिअँपिअर
व्होल्ट × मिलिअँपिअर = मिलिवॅट

म्हणजे ९ व्होल्टवर ३ मिलिअँपिअर जात असेल तर रोध ३ किलोओहम आणि पॉवर २७ मिलिवॅट. शून्यं मोजायची गरजच पडत नाही. उत्तर हजारपट लहान किंवा मोठं आलं असेल तर नव्वद टक्के वेळा इथेच चूक झालेली असते.

एक सरळ उदाहरण. रेझिस्टरच्या दोन टोकांवर १२.२ व्होल्ट, त्यातून जाणारा करंट २४० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२४ अँपिअर.

रोध = १२.२ ÷ ०.२४ = ५०.८ ओहम
पॉवर = १२.२ × ०.२४ = २.९३ वॅट

पॉवर दुसऱ्या सूत्राने पडताळायची सवय चांगली: ०.२४ × ०.२४ × ५०.८ = २.९३. मात्र ही पडताळणी गुणाकार-भागाकाराची आहे, मोजमापाची नाही. रोध त्याच दोन आकड्यांतून काढला असल्यामुळे मूळ आकडा चुकीचा असला तरी तिन्ही सूत्रं आनंदाने तेच चुकीचं उत्तर देतील.

व्होल्टेज आणि करंट मोजणं

सुरुवात कमी व्होल्टच्या डीसी सर्किटवर करा. घरगुती वीजपुरवठ्याच्या मोजमापाचे नियम वेगळे आहेत, ते नंतर येतात.

१. व्होल्टेज मोजताना मीटर (मल्टिमीटर) समांतर जोडा, आणि प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) थेट त्या भागाच्या पायांवर टेकवा. सर्किट चालू हवं, करंट वाहत असायला हवा. सप्लायवर १२ व्होल्ट दिसतात म्हणून रेझिस्टरवरही १२ असतील असं धरू नका. मधल्या तारा, स्विच, कनेक्टर प्रत्येक जण थोडा वाटा घेतो.

२. करंट मोजण्यासाठी सर्किट बंद करा, एका जागी तोडा आणि त्या तोडलेल्या जागेत मीटर एकसर बसवा. लाल प्रोब करंटच्या सॉकेटमध्ये हलवायला विसरू नका. किती करंट असेल याचा अंदाज नसेल तर १० अँपिअरच्या सॉकेटपासून सुरू करा आणि मग खाली या. स्वस्त मीटरमध्ये हे १० अँपिअरचं सॉकेट बहुधा फ्यूजशिवाय असतं, आणि पूर्ण करंट काही सेकंदच चालतो. मर्यादा सॉकेटजवळ छापलेली असते.

३. करंट मोजून झाला की लाल प्रोब ताबडतोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा, मग हवं तर चहा घ्या. करंटच्या सॉकेटमध्ये प्रोब ठेवून व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे सप्लायच्या दोन टोकांत जवळजवळ सरळ तार टाकणं. मल्टिमीटरचे फ्यूज उडतात ते बहुतांशी यामुळे. फ्यूज उडालेला मीटर नंतर करंट शून्य दाखवत राहतो आणि माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

४. शक्य असेल तर दोन मीटर लावा आणि दोन्ही आकडे एकाच वेळी टिपा. एकच मीटर असेल तर एक अडचण समजून घ्या. करंट मोजताना मीटर स्वतः सर्किटचा भाग होतो. मिलिअँपिअरच्या रेंजमध्ये त्याचा अंतर्गत रोध १ ओहमच्या आसपास, लहान रेंजमध्ये १०० ओहम किंवा जास्तही असतो. २०० मिलिअँपिअर करंटला १ ओहमवर ०.२ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये हे खपून जातं, ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये सहा टक्क्यांचा फरक पडतो. मीटर काढल्यावर करंट बदलतो, आणि मग तुम्ही एका परिस्थितीतलं व्होल्टेज दुसऱ्या परिस्थितीतल्या करंटने भागत असता.

यावर सोपा तोडगा असा: सर्किटमध्ये माहीत असलेला लहान रेझिस्टर, समजा ०.१ ओहमचा, कायमचा एकसर बसवा आणि त्यावरचे मिलिव्होल्ट मोजा. २५ मिलिव्होल्ट दिसले तर करंट ०.०२५ ÷ ०.१ = ०.२५ अँपिअर. आता एकच मीटर, तोही व्होल्टच्या रेंजवरच, आणि सर्किट न तोडता दोन्ही आकडे मिळतात. मोठ्या करंटचे शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी असेच एकसर बसवलेले अगदी लहान रोध, याच तत्त्वावर चालतात. ‘५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट’ असं लिहिलेल्या शंटचा रोध ०.०७५ ÷ ५० = ०.००१५ ओहम, आणि पूर्ण करंटला तो ३.७५ वॅट उष्णता सोडतो.

रेंजकडेही लक्ष द्या. १० अँपिअरच्या रेंजवर ०.०५ असा आकडा दिसत असेल आणि मीटरची अचूकता ‘१ टक्का अधिक ३ अंक’ असेल, तर ते तीन अंक म्हणजे ०.०३ अँपिअर. पन्नास मिलिअँपिअरमध्ये तीस मिलिअँपिअरची शंका. असला आकडा भागाकारात घालून रोध तीन दशांशांपर्यंत लिहिण्यात काही अर्थ नाही. तोच करंट २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर मोजला की शंका टक्का-दोन टक्क्यांवर येते.

मीटर नेमका कुठे लावायचा

दोन मीटर एकदम लावताना दोन पर्याय असतात आणि दोन्हींत थोडी चूक आहेच. कोणती चूक परवडते ते रोधाच्या आकारावरून ठरवायचं.

पर्याय एक: व्होल्टमीटर फक्त रेझिस्टरच्या टोकांवर. इथे व्होल्टेज अचूक मिळतं, पण करंट मीटरमधून रेझिस्टरचा आणि व्होल्टमीटरचा असा दोघांचा करंट जातो. डिजिटल मीटरचा व्होल्टच्या रेंजमधला रोध साधारण १० मेगाओहम असतो. १०० ओहम मोजत असाल तर त्याचा काहीच परिणाम नाही. १ मेगाओहम मोजत असाल तर उत्तर ०.९१ मेगाओहम येईल, म्हणजे नऊ टक्के कमी.

पर्याय दोन: व्होल्टमीटर रेझिस्टर आणि करंट मीटर या दोघांच्या मिळून टोकांवर. करंट अचूक, पण व्होल्टेजमध्ये करंट मीटरवर पडलेला भाग मिसळतो. १ मेगाओहमसाठी २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजमधला सुमारे १ किलोओहमचा रोध म्हणजे फक्त ०.१ टक्का चूक. ०.५ ओहमसाठी मात्र हा पर्याय निकामी. १० अँपिअरच्या रेंजमध्ये मीटर, त्याच्या वायरी आणि सांधे मिळून ०.१ ओहम झाले, तरी उत्तर ०.५ ऐवजी ०.६ येतं.

सीमारेषा काढायची तर दोन्ही मीटरच्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. १ ओहम आणि १० मेगाओहम असतील तर ती सुमारे ३.२ किलोओहमवर येते. त्याखाली पहिला पर्याय, त्यावर दुसरा. रोजच्या कामात बहुतेक वेळा पहिलाच लागतो.

फार लहान रोध, उदाहरणार्थ मोटरची जाड गुंडाळी किंवा रिलेचे संपर्क, मोजायचे असतील तर मल्टिमीटरची ओहम रेंज विसरा. तिच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.५ ओहम असतो. त्याऐवजी करंट मर्यादा लावता येणाऱ्या सप्लायवरून नेमका १ अँपिअर सोडा आणि व्होल्टमीटरचे प्रोब करंटच्या क्लिपांना न लावता आतल्या बाजूला, त्या भागावरच टेकवा. १ अँपिअर असल्यामुळे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. करंट आणणाऱ्या क्लिपांच्या सांध्यांवर काय पडतं याच्याशी व्होल्टमीटरला देणंघेणं राहत नाही. यालाच चार तारांची पद्धत म्हणतात.

थंड आणि गरम रोध

ओहम रेंजवर बंद, थंड स्थितीतला रोध दिसतो. भागाकाराने मिळतो तो चालू स्थितीतला. काही वस्तूंमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे असतात, काहींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

१०० वॅटचा, २३० व्होल्टचा तंतूचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम असतो. तोच बल्ब काढून ओहम रेंजवर ठेवा, ४० ओहमच्या आसपास दिसेल. मीटर बिघडलेला नाही, टंगस्टनचा तंतू पांढरा होईपर्यंत तापला की त्याचा रोध बारा-पंधरा पट होतो. थंड रोधावरून पॉवर काढायला गेलात तर २३० × २३० ÷ ४० म्हणजे तेराशे वॅटच्या वर आकडा येतो. तो आकडाही अगदीच खोटा नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब साधारण एवढीच पॉवर ओढतो, म्हणूनच जुने बल्ब बहुधा लावताना उडायचे.

हीटरच्या नायक्रोम तारेचं वागणं शहाण्यासारखं आहे. लालबुंद झाली तरी रोध काही टक्केच वाढतो. त्यामुळे हीटरसाठी थंड रोधावरून काढलेली पॉवर विश्वासाने वापरता येते. १००० वॅट, २३० व्होल्टचा हीटर: करंट ४.३५ अँपिअर, रोध ५२.९ ओहम. व्होल्टेज उतरून २०० झालं तर २०० × २०० ÷ ५२.९ = ७५६ वॅट. व्होल्टेज तेरा टक्के घटलं, उष्णता चोवीस टक्के. पाणी तापायला वेळ का लागतो याचं उत्तर त्या वर्गात आहे.

तांब्याच्या गुंडाळीचा रोध २० अंश सेल्सिअसच्या आसपास दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. हा त्रास उलटा वापरता येतो. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी २० अंशांना १०.० ओहम होती आणि बराच वेळ चालवून लगेच मोजल्यावर १२.४ ओहम आली. वाढ २४ टक्के, भागिले ०.३९३, म्हणजे ६१ अंश. गुंडाळीचं सरासरी तापमान ८१ अंश. थर्मामीटर आत घालता येत नाही तिथे रोधच थर्मामीटर होतो.

एलईडी आणि डायोडच्या बाबतीत तर भागाकार करून मिळालेल्या रोधाचा उपयोगच नाही. २ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला तो १०० ओहम दिसतो, करंट निम्मा केला तर व्होल्टेज जेमतेम दशांशभर उतरतं आणि ‘रोध’ दुप्पट होतो. पॉवरचा गुणाकार मात्र इथेही अगदी बरोबर: २ × २० = ४० मिलिवॅट.

रेझिस्टर निवडताना

१२ व्होल्टच्या सप्लायवर २ व्होल्टचा एलईडी, करंट २० मिलिअँपिअर हवा. पहिली चूक इथे होते ती १२ ला २० ने भागण्याची. रेझिस्टरवर १२ नव्हे, १२ − २ = १० व्होल्ट पडतात. १० ÷ २० = ०.५ किलोओहम, म्हणजे ५०० ओहम.

५०० ओहम नेहमीच्या मालिकेत मिळत नाही. ती मालिका १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशी जाते आणि पुढे दहाच्या पटीत. शंका असेल तिथे वरचा आकडा घ्या: ५६० ओहम. आता हिशेब पुन्हा करा, कारण करंट बदलला. १० ÷ ५६० = १७.९ मिलिअँपिअर, पॉवर १० × १७.९ = १७९ मिलिवॅट. डोळ्यांना २० आणि १७.९ मधला फरक कळत नाही.

पाव वॅटचा रेझिस्टर म्हणजे २५० मिलिवॅट, तेव्हा १७९ त्यात बसतात. बसतात खरे, पण नेहमीच्या कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टरची पूर्ण वॅट क्षमता साधारण ७० अंशांपर्यंतच्या हवेसाठी धरलेली असते. बंद डब्यात, गरम भागांच्या शेजारी ती कमी होते. शिवाय क्षमतेच्या आत असूनही रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. काढलेल्या पॉवरच्या दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर घ्यावा, इथे अर्ध्या वॅटचा. करपलेला पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि उडालेला रंग पाहिला की समजावं, कुणीतरी वॅट मोजलेच नव्हते.

तारेतली आणि सांध्यातली पॉवर

तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम. लांबी वाढली की वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. २५ मीटरच्या, १.५ चौरस मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन वायरचा विचार करा. करंट जाऊन परत येतो, म्हणून लांबी ५० मीटर धरायची. ही दुप्पट विसरणं फारच सर्रास घडतं.

०.०१७२ × ५० ÷ १.५ = ०.५७ ओहम

१० अँपिअर करंटला तारेत ५.७ व्होल्ट पडतात आणि ५७ वॅट उष्णता तयार होते. मोकळ्या पसरलेल्या वायरीवर हे ५७ वॅट पन्नास मीटरभर वाटले जातात, काही जाणवत नाही. रिळावर गुंडाळलेलीच ठेवून वापरली तर तेच ५७ वॅट एका गठ्ठ्यात कोंडतात आणि आवरण मऊ पडायला लागतं. रिळाच्या वायरीला गुंडाळलेली आणि सोडलेली अशा दोन वेगळ्या वॅट मर्यादा दिलेल्या असतात त्या यासाठी.

सैल सांधा याहून वाईट. प्लगची पिन आणि सॉकेट यांच्यात गंज किंवा सैलपणामुळे ०.२ ओहम रोध तयार झाला, करंट १० अँपिअर. १० × १० × ०.२ = २० वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न जेवढ्यावर कथील वितळवतं, जवळजवळ तेवढी पॉवर प्लास्टिकच्या प्लगमध्ये एका टोकावर. व्होल्टेज फक्त २ व्होल्टनी उतरतं, हीटर व्यवस्थित चालतो, आणि प्लग वितळतो. सांधा तापला की गंज वाढतो, गंज वाढला की रोध वाढतो, आणि चक्र पुढे फिरत राहतं. हे टोकदार उदाहरण आहे म्हणून दिलं. एरवी चांगल्या सांध्याचा रोध काही मिलिओहमच्या वर जाऊ नये.

बॅटरीचा अंतर्गत रोधही याच रीतीने काढता येतो, फक्त तिथे व्होल्टेजमधला फरक भागायचा असतो. लोड नसताना १२.६ व्होल्ट, १० अँपिअर लोडवर १२.१ व्होल्ट: ०.५ ÷ १० = ०.०५ ओहम. लोड लावल्यावर काही सेकंदांतच आकडा टिपा. बॅटरी उतरत जाते, आणि मग उतरण्याचा भाग रोधात मिसळतो.

मोटर आणि बदलता करंट

१२ व्होल्टची डीसी मोटर, गुंडाळीचा रोध २ ओहम, मोकळी फिरताना १ अँपिअर. भागाकाराने रोध १२ ओहम येतो आणि गुंडाळीच्या २ ओहमशी जुळत नाही. फिरणारी मोटर स्वतः उलट्या दिशेने व्होल्टेज निर्माण करते, इथे १० व्होल्ट, आणि गुंडाळीच्या वाट्याला उरतात फक्त २. एकूण १२ वॅटपैकी गुंडाळी तापवण्यात २ वॅट जातात, बाकीचे १० फिरण्यात आणि घर्षणात. मोटर अडकली तर उलट व्होल्टेज संपतं, करंट ६ अँपिअर होतो आणि ७२ वॅट सगळेच्या सगळे गुंडाळीत. अडकलेली मोटर मिनिटाभरात का जळते ते यातून कळतं.

घरगुती एसी पुरवठ्यावर हीटर, इस्त्री, तंतूचा बल्ब यांना साधा गुणाकार चालतो. मोटर, ट्रान्सफॉर्मर, चार्जर यांना चालत नाही, कारण व्होल्टेज आणि करंट एका लयीत चढत-उतरत नाहीत किंवा करंटचा आकारच बिघडलेला असतो. २३० व्होल्ट × २ अँपिअर = ४६० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.७ असेल तर खरे वॅट ३२२. भागाकाराने आलेले ११५ ओहम म्हणजे रोध नव्हे, प्रतिबाधा (एसी करंटला होणारा एकूण अडथळा). खरे वॅट हवे असतील तर सॉकेटमध्ये बसणारा वॅटमीटर वापरा, तो दोन्ही एकाच क्षणी मोजून गुणाकार करतो.

या पुरवठ्यावर मल्टिमीटर एकसर जोडून करंट मोजू नका. तारेभोवती जबडा बसवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वापरा, सर्किट तोडावं लागत नाही. मीटर आणि प्रोबवर त्या जागेसाठी योग्य सुरक्षा श्रेणी छापलेली आहे का ते पाहा. ओहम रेंज चालू सर्किटला कधीही लावायची नाही. बंद सर्किटमध्येही मोठे कपॅसिटर आधी रिकामे करून घ्या.

अजून एक फसवी जागा म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा सप्लाय, जसा एलईडी मंद करणाऱ्या किंवा मोटरचा वेग बदलणाऱ्या सर्किटमध्ये असतो. १२ ओहमचा लोड, १२ व्होल्ट, निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. डीसी मीटर सरासरी दाखवतो: ६ व्होल्ट, ०.५ अँपिअर. भागाकार १२ ओहम, अगदी बरोबर. गुणाकार ३ वॅट, आणि तो चूक. चालू असताना १२ वॅट, निम्मा वेळ, म्हणजे खरी पॉवर ६ वॅट. सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराची सरासरी नव्हे. अशा वेळी पूर्ण चालू स्थितीतली पॉवर काढून चालू वेळेच्या प्रमाणाने गुणा.

उत्तर विचित्र आलं तर

रोध छापलेल्या किमतीपेक्षा थोडा जास्त आला: व्होल्टेज सप्लायच्या टोकावर मोजलं असेल, तारा आणि करंट मीटर त्यात मोजले गेले.

रोध छापलेल्या किमतीपेक्षा कमी आला: त्या भागाला समांतर दुसरं काहीतरी आहे. सर्किटमध्ये सोल्डर केलेल्या रेझिस्टरचं एक टोक मोकळं करून पुन्हा मोजा. मोठ्या रोधावर प्रोबचा धातू बोटांनी धरला असेल तर शरीरही समांतर मोजलं जातं.

आकडा हळूहळू सरकत राहतो: वस्तू तापते आहे. थंड रोध हवा असेल तर कमी करंटवर पटकन मोजा, गरम हवा असेल तर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, आणि कोणता लिहिला ते शेजारी नोंदवा.

रोध ठीक, पण पॉवरमध्ये मोठा फरक: व्होल्टेजच्या वर्गाचं सूत्र वापरलं असेल तर व्होल्टेजमधली २ टक्क्यांची चूक पॉवरमध्ये ४ टक्के होते. थेट गुणाकारात ती दोनच राहते.

सगळेच आकडे थोडे जास्त: मीटरची बॅटरी उतरली असण्याची शक्यता आहे. काही मीटर अशा वेळी खराब आकडा देण्याऐवजी वाढीव आकडा देतात, आणि तो खरा वाटतो.

उपकरण चालू आहे आणि क्लॅम्प मीटर शून्य दाखवतो: दोन्ही तारा जबड्यात आल्या आहेत. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात. एकच तार जबड्यात घ्या. करंट फार लहान असेल तर तीच तार जबड्याभोवती दहा वेळा फिरवा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.